निळ्या फडक्याच्या बरण्या

हॅलो?… हॅलो, जुमाना? अगं कुठे होतीस, केव्हाची फोन लावतेय मी…

नाही, थांब. आधी माझं ऐक. ती बरणी उघडलीस का?… मकदूसची गं, तेलातल्या भरल्या वांग्यांची. मी रबीहबरोबर पाठवली होती ती. झाकणावर निळं फडकं बांधलेली…

आवडली ते राहू दे. उघडलीस कधी?

मागच्या आठवड्यात?… आणि मुलांनीही खाल्लं?… रोज सकाळी. रोटीत गुंडाळून. या अल्लाह.

रडत नाहीये. सर्दी झालीये… बरं, रडतेय. तू मला एवढंच सांग, मुलं कशी आहेत? म्हणजे डोळ्यांना नीट दिसतंय ना? एकाचे दोन वगैरे?… मला वेड लागलेलं नाही, विचारतेय त्याचं उत्तर दे. घास गिळता येतोय? आवाज नेहमीसारखाच आहे?… ओरडतायत? ओरडू दे. फोन त्यांच्या बाजूला धर जरा… हां. आलं ऐकू. फातिन आहे ना ती? तीच. तिला रागावू नकोस आज.

आणि तू?… तुझा नवरा?…

आज जेवायला कोण येतंय? सासरचे?… टेबलावर मांडलंयस? उचल. आत्ताच्या आत्ता उचल… सासूबाईंना काय वाट्टेल ते सांग, मांजराने तोंड घातलं म्हण. उचललंस? ताटली पण उचल. हात धू. साबणाने.

जुमाना, तुझ्या आईला बरं नाहीये.

आहे, आहे, शुद्धीवर आहे. माझ्यासमोरच बसलीये, शेगडीजवळ भिंतीला टेकून. तिला सगळं ऐकू येतंय, म्हणून हळू बोलतेय मी… अगं ऐक ना. तू मधे मधे बोललीस तर मला सुचत नाही, आधीच सुचत नाहीये.

कालपासून असणार. मला आज कळलं. सकाळी उठली आणि म्हणाली, "आज मला दोन सुना दिसतायत. एकीला चहा ठेवायला सांग, दुसरीला परत समुद्रावर धाडून दे." मी हसले. तिचं रोजचंच आहे ना ते, मासळीवाली काय, समुद्रावरची काय. मी म्हटलं, आई, दोघी चहा करतील, दोघी भांडतील, तुम्हालाच महागात पडेल. आणि चहा नेऊन दिला. तिने घोट घेतला तर तो नाकातून बाहेर आला.

हो, नाकातून. मग बघितलं तर पापण्या खाली उतरलेल्या. झोप आलीये असं वाटेल. पण झोप नाही. बोटाने एक पापणी वर धरून माझ्याकडे बघत होती, आणि तेही थट्टा करत होती गं… आता बोलायला गेली की जीभ जड होते. शब्द भिजल्यासारखे येतात.

नाही, ताप नाही. उलटी एकदाच, काल संध्याकाळी… मलाही तसंच वाटलं, अर्धांग. पण डॉक्टर म्हणाले, एका बाजूचं आहे का दोन्ही? मी म्हटलं दोन्ही. म्हणाले, मग ते नाही.

खालच्या गावच्या दवाखान्यातले. फोनवर. येणार कसे, रस्ता बंद आहे… काल रात्रभर पडलं ना बर्फ. रबीह काल डिझेल आणायला शहरात गेला तो खालीच अडकलाय. वळणावर कोणाचा तरी ट्रक आडवा झालाय… ॲम्ब्युलन्स निघालीये. निघालीये म्हणजे काय, पुढे बुलडोझर बर्फ ढकलतोय, तो सरकेल तशी ही सरकणार. रबीह बुलडोझरवर चढून बसलाय, चालवणाऱ्याच्या शेजारी. त्याचा काही उपयोग आहे का तिथे, पण बसलाय… मला कसं माहीत किती वेळ. मला काही माहीत नाही, जुमाना. मी इथे एकटी आहे आणि मला खूप भीती वाटतेय.

हो. हो… नाही, तू काय येणार बैरूतहून. येऊन अडकशील कुठेतरी. फोन ठेवू नकोस तेवढा.

आई, मान सरळ ठेवा. अशी. उशी देऊ का मागे?… हो, जुमाना आहे. विचारतेय कशा आहात… ती हात हलवतेय. म्हणजे मी बरी आहे म्हण. बरी आहे म्हणतेय तुझी आई.

सांगते ना. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात बरणीत भरलेलं काही खाल्लं का? तेलातलं?"

खाल्लं ना. परवा. माझ्या हातचं.

परवा तळघरातून नवी बरणी काढून आणली तिनेच. फडकंही नव्हतं तिच्यावर, मी म्हटलं उंदराने ओढलं असेल. झाकण फिरवलं तर फस्स झालं, तेलातून बुडबुडे वर आले. मी म्हटलं, आई, हे काय? म्हणाली, "जिवंत आहे. मालकिणीसारखंच, गप्प बसवत नाही." आणि बसून दोन-तीन वांगी खाल्ली. तेल रोटीने पुसून घेतलं. चांगलं झालंय म्हणाली.

वास? वास काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, ह्याला वास असतोच असं नाही…

नाही, मी नाही खाल्लं. मला कुठे खाता येतंय अजून. तुमच्या गावाची रीत ना… सुनेने पहिल्या वर्षी आपल्या हातची बेगमी चाखायची नाही. माझ्या ताटात आई चक्क्याचे गोळे वाढते… कसली रीत काय विचारतेस, तुमचीच रीत. ते सोड आत्ता. रबीहनेही नाही खाल्लं. त्याच्या ताटात ती स्वतःचं वाढते, मुलाला सवय आहे म्हणते. राग यायचा मला, खरं सांगते. एवढा सोस केला, आणि नवऱ्याच्या पोटात माझ्या हातचं एक वांगं जाऊ देत नाही बाई.

काय चुकलं ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मला कळलं. मीठ. मी मीठ अर्धं घातलं… आईसाठीच गं. तिच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या वाढवल्या ना उन्हाळ्यात, मीठ तोडा म्हणून सांगितलं. ती कुठली तोडतेय. मी म्हटलं, वांग्यातच कमी घालू, लसूण-मिरची जास्त कोंबू, तिला कळणारसुद्धा नाही.

आणि दगड. वांगी उकडून, मीठ भरून, पालथी घालून वर दगड ठेवतात ना पाणी निथळायला… हो, तीन-चार दिवस, ठाऊक आहे. मी एकच रात्र ठेवली. आई तुझ्या मामाकडे गेली होती द्राक्षाचा पाक आटवायला. मी म्हटलं, ती यायच्या आत सगळ्या बरण्या भरून फळीवर मांडून ठेवते. आल्यावर चकित होईल.

झालीच की चकित.

शेजारची उम्म वसीम होती आत्तापर्यंत. बडीशेपेचं पाणी पाजायला निघाली होती, हातातून वाटी ओढून घेतली मी. डॉक्टर म्हणालेत तोंडाने काही द्यायचं नाही, घशात अडकेल, फुफ्फुसात जाईल. बाई रागावली माझ्यावर. म्हणे आमच्या पाण्याने कोणी मेलेलं नाही. म्हटलं, मावशी, माझ्या वांग्याने मरेल, तुमचं पाणी नको.

तिला गावच्या मुख्तारकडे पाठवलंय… कशाला म्हणजे? डॉक्टरांनी पुढचं काय विचारलं असेल? आणखी कोणाकोणाकडे गेलंय ते. कोणाकडे नाही गेलं तेच सांग. वरच्या आळीत घरटी एक बरणी. नव्या सुनेची पहिली बेगमी. मुख्तारच्या बायकोकडे. शाळेच्या बाईंकडे. साऱ्या आळीभर वाटत फिरले मी, माहेरून, पोर्टसईदहून आणलेला तो चांगला बुटांचा जोड घालून. बुटांची वाट लागली. पण काय मिरवत होते.

आणि त्या बायका काय म्हणाल्या माहितीये ना तुला? मुख्तारच्या बायकोने कपाळाचा मुका घेतला माझा. "आता तू इथली झालीस." रात्रभर झोप नाही आली मला आनंदाने. आणि आता प्रत्येक घरात…

हो, मीच पाठवलं तिला. भोंग्यावरून सांगा म्हटलं. दुसरा काय मार्ग होता? एकेका घरी जाऊन सांगेपर्यंत कोणीतरी ताटात घेतलेलं असेल. लहान पोरं आहेत घराघरांत.

थांब. थांब, ऐक… ऐकू येतंय तुला? मशिदीचा भोंगा. मुख्तारच बोलतोय… "उम्म रबीहची सून शाहिनाझ, तिच्या घरून आलेलं मकदूस कोणी खाऊ नये. ज्यांनी खाल्लं त्यांनी…" दोनदा सांगितलं. नाव घेऊन. डोंगरभर ऐकू गेलं असेल.

तू बोल काहीतरी. मला आत्ता गप्प बसवत नाही.

आई, काय झालं? काय हवंय?… भोंगा ऐकून मान हलवतेय गं. नाही नाही करतेय. हात दाखवतेय खाली… आई, तुम्ही उठू नका. उठायचं नाही म्हटलं ना… डोळे बंद आहेत आणि उठायला बघतेय. कळत नाही मला तिला काय म्हणायचंय. आई, नंतर. बसा. मी आहे.

बसली. हात धरलाय मी तिचा. ती घट्ट धरत नाहीये. तुझी आई कशी हात धरते माहीत आहे ना तुला, बोटं मोडतील अशी. आज तसा नाही.

श्वास घेतेय… हो, बघतेय मी. छाती हलतेय. डॉक्टर म्हणाले त्यावर लक्ष ठेवा, लहान लहान व्हायला लागला तर लगेच फोन करा. लहान म्हणजे किती लहान, ते मला कसं कळणार?

आहे, औषध आहे म्हणाले. मोठ्या इस्पितळात आहे, त्यांनी सांगून ठेवलंय. लवकर पोचली तर. "लवकर पोचली तर बरी होईल, वेळ लागेल पण होईल." असंच म्हणाले. मी तेच धरून बसलेय.

तुमच्याकडे खरंच कोणाला काही नाही? पोट तरी?… आठवडा झाला, रोज खाताय, आणि काहीच नाही.

असं कसं, जुमाना? आईने परवा खाल्लं आणि आज तिला श्वास घेताना कष्ट होतायत. एकाच दिवशी भरलेल्या बरण्या त्या, एकाच परातीतल्या.

तुझी उघडताना फस्स झालं होतं का?… नाही? नीट आठव… तेल कसं आहे? आण ना बरणी, फेकली नाहीस ना?… खिडकीपाशी ने. उजेडात धर… स्वच्छ. बरं. आतला अक्रोड कसा दिसतोय?… जाडा? म्हणजे तुकडे दिसतायत?

मी मिक्सरमध्ये वाटला होता. पीठ झालं होतं त्याचं. आई हसली होती, म्हणाली, लाडू वळायचेत का?

नीट बघ गं, चमच्याने उकर… खलात कुटल्यासारखा. बरं. आणि वर काय आहे, झाकणाखाली?

पान?

द्राक्षाचं पान.

मी पान नाही घातलं, जुमाना.

आई घालते. ठाऊक आहे मला, तिची आईही घालायची, तिने सांगितलंय मला. मी नाही घातलं. विसरले म्हण, आळस केला म्हण. मी एकाही बरणीत पान घातलेलं नाही.

फडकं तर माझं आहे ना? निळं, पांढरे ठिपके?… तेच. माझ्या जुन्या झग्याचं. मी कापलं, मी बांधलं, दोऱ्याच्या दोन गाठी… एक गाठ? एकच?

एक मिनिट. तू मघाशी काय म्हणालीस, रीतीचं? कसली रीत म्हणालीस.

नाही म्हणजे? अशी रीतच नाही?… तुझ्या मामीलाही नाही, काकूलाही नाही? कधीच ऐकली नाहीस?… अगं पण तिने मला सांगितलं. तोंडावर सांगितलं, गंभीर चेहरा करून. सुनेने पहिल्या वर्षी आपलं चाखलं तर घरात हिवाळा लांबतो. मी विश्वास ठेवला. मी म्हटलं असेल बाई डोंगरातलं काहीतरी.

उम्म वसीम आली. मावशी, बसा इथे, यांचा हात धरा. काही पाजू नका. थेंबसुद्धा नाही. मान पडली तर हाक मारा मला, मी खालीच आहे… तळघरात जातेय, जुमाना. फोन चालूच ठेव. लाईट नाहीये सकाळपासून, टॉर्च लावते… बॅटरी लाल झालीये. होऊ दे.

काय थंडी आहे इथे… थांब, पायऱ्यांवर बर्फ आलंय दारातून.

ही फळी. माझी फळी रिकामी, सगळ्या वाटून झाल्या, उरलेली परवा आईने वर आणली. ही आईची फळी. टोमॅटो, ऑलिव्ह, चक्क्याचे गोळे, किश्कच्या पिठाचा डबा… आईचं मकदूस किती असायचं इथे? दरवर्षी? फळी भरून ना?… भरून असते, मी पाहिलीये भरलेली. आता तीन बरण्या आहेत. तीनच.

कुठे गेल्या बाकीच्या?

हॅलो?… हॅलो, तुटतंय… हां, आलं. काही नाही, गव्हाचं पोतं ओढतेय. मागे काहीतरी चमकलं.

जुमाना.

इथे आहेत. माझ्या. पोत्यामागे, जमिनीवर, भिंतीला लावून. सगळ्या. फडकी काढलेली, उघड्या डोक्याच्या. पिठासारखा अक्रोड, पान नाही. दोन बरण्यांची झाकणं फुगलीयेत… नाही, हात नाही लावत. लांब आहे मी.

तिने बदलल्या गं. माझी फडकी सोडून आपल्या बरण्यांना बांधली. एक एक. मी गावभर जे मिरवत नेलं ते सगळं तिच्या हातचं होतं. मुख्तारच्या बायकोने माझं कपाळ चुंबलं ते तिच्या मकदूससाठी. आणि ती माझ्या शेजारी उभी होती तेव्हा. म्हणाली काय, "बघा, समुद्रावरची आहे, पण हाताला चव आहे."

तिने पहिल्या दिवशीच ओळखलं असणार. एक वांगं दाबून बघितलं असेल, पाणी सुटलं असेल. मला बोलली असती तर काय झालं असतं? चार शब्द ऐकून घेतले असते मी, रोज घेते. आजवर सोडलंय का तिने मला कधी? चहा पातळ झाला तर बोलते. आणि हे नाही बोलली.

नाही, हे जिवावर बेतेल असं तिलाही वाटलं नसणार. आंबेल, लोक हसतील, एवढंच वाटलं असेल. मग फेकून का नाही दिलं? का खाल्लं?… माहितीये मला. तूही ओळखतेस तिला. अन्न आहे, सुनेने खपून केलंय, फेकायचं कसं. आणि रिकाम्या बरण्या बाहेर गेल्या असत्या तर मला दिसल्या असत्या. म्हणून एकटीच बसली संपवत. मला चक्का वाढून. रबीहला आपलं वाढून.

आणि मी रबीहपाशी तक्रार करायचे.

हो. हो, जाते वर. इथे रडून काय होणार आहे… उम्म वसीम हाक मारतेय. आले, मावशी.

आई?… आई, श्वास घ्या. मोठा. माझ्याकडे बघू नका, नुसता श्वास घ्या. हां… लहान होतोय, जुमाना. लहान लहान. मघाशी असा नव्हता. पुढे ओणवून बसवते, थांब… मावशी, पाठीला हात द्या… हां. आता जरा. आता घेतेय. डॉक्टरांना लावायला हवा. नाही, तू ठेवू नकोस, मावशींच्या फोनवरून लावते. मावशी, तो दवाखान्याचा नंबर लावा, विचारा श्वास लहान झालाय तर काय करायचं…

काय म्हणाले?… असंच बसवून ठेवा. ॲम्ब्युलन्समध्ये मशीन आहे. शेवटच्या वळणाच्या अलीकडे आहे म्हणाले. अलीकडे म्हणजे आपल्या बाजूला की त्यांच्या? मावशी, विचारलं नाहीत?… ठेवला यांनी फोन.

तू दुआ पढतेयस का काही? पढ. मोठ्याने पढ, मी तिच्या कानाशी धरते… ऐकतेय ती. ओठ हलवतेय तुझ्याबरोबर.

काय मावशी?… लोक काय करतायत? बर्फात ओततायत?… जुमाना, भोंगा ऐकून लोकांनी बरण्या रिकाम्या करायला घेतल्यात. मुख्तारच्या अंगणात सगळं लाल तेल सांडलंय म्हणे. शाळेच्या बाईंनी बरणी भिंतीवर आपटली.

ते आईचं आहे. ते सगळं आईचं आहे, तिच्या वर्षाचं सगळं. चांगलं आहे ते.

मावशी, थांबा, जाऊ नका… काय म्हणतायत आई?

ती बोलतेय. थांब. काय आई?… "मी." मी काय?… "माझं."

जुमाना, ती उम्म वसीमला सांगतेय की खराब झालेली बरणी तिची होती. "मी भरली. पोरीची नाही." एक एक शब्द ओढून काढतेय. पापणी उचलता येत नाही तिला आणि हे बोलतेय. माझा हात दाबतेय. आता दाबतेय बघ, जोर नाही तरी. गप्प बस म्हणतेय मला.

उम्म वसीम माझ्याकडे बघतेय. नुसती बघतेय.

नाही, आई. नाही. आयुष्यभर ऐकेन तुमचं, हे एक नाही ऐकणार. मावशी, खराब झालेलं माझं. शाहिनाझचं. मी मीठ कमी घातलं, मी पाणी निथळू दिलं नाही. ज्या बरण्या खराब आहेत त्या तळघरात पोत्यामागे आहेत, त्यांना कोणी हात लावू नका. आणि तुमच्या घरी जी आहे ती यांची. यांच्या हातची. झाकणाखाली द्राक्षाचं पान आहे, जाऊन बघा. आळीतल्या सगळ्यांना सांगा. मुख्तारला सांगा, परत भोंगा लावा, माझं नाव परत घ्या, दहा वेळा घ्या, पण ओतू नका म्हणावं. पळा मावशी. तुमच्या गुडघ्यांची माफी मागते मी नंतर, आत्ता पळा.

गेली. चप्पल घालून गेली बर्फात.

आई रागावलीये. डोळे मिटलेत, पण ओळखता येतं ना आपल्याला. ओठ असे दाबून धरलेत. रागवा आई. रागावण्यापुरता श्वास आहे ना तुमच्यात, मग रागवा.

बुलडोझर… ऐक. तुला ऐकू येतोय? नाही? मला येतोय. घरघर येतेय खालून. आई, रबीह आला. तुमचा रबीह आला, ऐका… मी दार उघडते. थंडी येईल, येऊ दे. शालीत गुंडाळते तिला. दोन शाली. तुझी ती करडी पण.

दिसतायत. रस्त्यावर नाही गं, चालत येतायत, ॲम्ब्युलन्स चढावर थांबलीये. रबीह पुढे आहे. कमरेपर्यंत बर्फात आहे. दोघं जण खुर्ची घेऊन येतायत मागून, त्या पट्ट्यांच्या खुर्च्या असतात तशी. एकाच्या पाठीवर नळकांडं आहे, ऑक्सिजनचं असणार.

हो भाऊ, इथे, आत. शुद्धीवर आहेत. सगळं कळतंय त्यांना… परवा खाल्लं. ही बरणी, हिच्यातलं. बरोबर घ्यायची ना? मी घेते, माझ्या मांडीवर राहील… कोणी केलं? मी केलं. माझं नाव शाहिनाझ. लिहा तुम्ही… हो, आणखी आहेत, सगळ्या खाली आहेत, बाहेर एकही गेली नाही. एकही नाही. त्यांनी जाऊ दिली नाही.

रबीह, नंतर सांगते. आधी आईला उचल.

जुमाना, जायचंय मला. मलाही नेतायत बरोबर… नळी लावली तिच्या नाकाला. उचललं. एक हात शालीबाहेर काढलाय, मला बोलावतेय. आले आई, आले…

काय?… तुझ्या बरणीचं? विचारलं मी, हे भाऊ म्हणतायत तपासल्याशिवाय कोणी खाऊ नका, कोणाचीही असली तरी. बरं. नका खाऊ.

पण टाकू नकोस. ऐकतेयस ना? कचऱ्यात गेली असेल तर परत काढ. पुसून घे, पान होतं तसं वर ठेव, झाकण लाव आणि फळीवर ठेवून दे. आळीत आता एखादी तरी उरली असेल का कोण जाणे. तुझी राहू दे. आई येईल, दाबून बघेल, आणि तिलाच ठरवू दे.

ठेवते.